स्लॅबला सुतक

माझ्या भावजयीला राख चालत नाही. चुलीतली चालते, भांडी घासायला चालते, कांद्याच्या वाफ्यात टाकायला चालते. सिमेंटमध्ये चालत नाही.

चिखलीला आमचं बांधकाम साहित्याचं दुकान आहे. नवरा टेम्पोवर असतो, गल्ल्यावर मी. सळई, सिमेंट, तार, खिळे, पाइप, काय आलं, काय गेलं आणि काय उरलं, हे रोज सकाळी दुकान उघडल्यावर मी पहिल्यांदा लिहून काढते आणि मग चहा पिते. नवरा म्हणतो, ही बाई स्वर्गात गेली तर तिथल्या अप्सरासुद्धा मोजून घेईल. मोजायला काय हरकत आहे? माल कमी भरला तर कळतं.

माहेर अमडापूरचं. काही उन्हाळ्यांपूर्वी धाकट्या भावाने तिथलं मातीचं घर उतरवलं आणि स्लॅबचं घर काढलं. घर होईपर्यंत सगळं बिऱ्हाड शेजारच्या मोकळ्या जागेत टिनाच्या शेडखाली. आईसुद्धा. वैशाखात टिनाखाली दुपार काढणं म्हणजे काय, हे ज्याने काढली त्यालाच ठाऊक. आई ओलं फडकं डोक्यावर घेऊन बसायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "मी बरी हाय, तुमी तुमचं पाहा." पावसाच्या आत तिच्या डोक्यावर पक्कं छत यावं, एवढंच मला हवं होतं. घर कुणाच्या नावावर, कौतुक कुणाचं, याच्याशी मला घेणं नव्हतं.

सिमेंट बहिणीच्या, म्हणजे माझ्याच, दुकानातून येईल असं मी गृहीत धरलं होतं. गृहीत धरायची मला सवय नाही, आणि का नाही ते तेव्हा पुन्हा कळलं. भावजय देऊळगाव राजाची. तिच्या भावाचंही तिथे सिमेंटचंच दुकान. पायाचा माल त्याने पाठवून दिल्यावर मला समजलं. बरं, ठीक. निदान स्लॅबला तरी राखमिश्रित सिमेंट घ्या, मी पोहोचतं करते, असं सांगायला मी मुद्दाम अमडापूरला गेले.

"राखेचं?" भावजय शेडच्या दारात उभी राहून म्हणाली. "नव्या घरात राख घालू लागल्या तुम्ही? राख कधी आणतात घरी, माहीत नाही का? तिसऱ्या दिवशी. तीही घरी नाही, नदीवर."

"ती वेगळी, ही वेगळी. ही वीज केंद्रातल्या कोळशाची आहे."

"कोळसा जळाला काय, माणूस जळालं काय. राख ती राखच."

मी तिला म्हटलं, तुझ्या भावाने पायाला पाठवलेल्या गोण्या अंगणात पडल्यात, त्यांच्यावर छापलेलं वाच. त्याही राखमिश्रितच आहेत. बाजारात निम्म्याहून जास्त तसंच विकलं जातं, तुझ्या भावाच्या दुकानातही.

तिने अंगणातल्या गोण्यांकडे एकदा पाहिलं. हरली नाही.

"पाया जमिनीत असतो. राख जमिनीतच जाते. डोक्यावर नको मला."

मी भावाकडे पाहिलं. तो खाटेवर बसून मोबाइल पुसत होता.

"मिस्त्री बी म्हनते ताई, राखेचं उशिरा धरते म्हने. स्लॅबखालच्या सेंट्रिंगच्या फळ्या जास्त दिवस ठेवा लागते."

"मग ठेव. कोणती गाडी सुटून राह्यली तुही?"

"जाऊ दे ना ताई. आता तू आपल्या घरची."

भावजयीने लगेच ते वाक्य उचललं. "तेच म्हणते मी. लग्न होऊन गेलेल्या लेकीनं दिल्या घरी सुखानं राहावं. माहेरच्या छताची काळजी करू नये."

हे वाक्य मी लक्षात ठेवलं. मी बऱ्याच गोष्टी लक्षात ठेवते.

राखेचा एवढा आग्रह का, हेही सांगायला हवं, नाहीतर दुकानदारीच वाटेल. सिमेंट कंपनीने एकदा आम्हा विक्रेत्यांना कारखाना दाखवायला नेलं होतं. बसमध्ये बाकीचे सगळे पुरुष, आणि सगळ्यांचा एकच विषय, या वर्षीच्या स्कीमला परदेशवारी आहे की सोन्याचं नाणं. कारखान्यात चुनखडीचा दगड एका टोकाने आत जात होता, रस्त्याएवढ्या लांब फिरत्या भट्टीत भाजला जात होता आणि दुसऱ्या टोकाने काळपट गोळे होऊन बाहेर येत होता. बाकीचे फोटो काढत होते. मी आत जाणारा दगड पाहिला, बाहेर येणारा माल पाहिला, आणि तिथल्या इंजिनिअरला विचारलं, "आत इतकं जातं, बाहेर इतकंच येतं. बाकीचं कुठे गेलं?"

तो म्हणाला, "हवेत."

मला वाटलं, टाळतोय. पण तो खरंच सांगत होता. चुनखडीच्या पोटातच वायू असतो. दगड भाजला की तो सुटतो आणि धुराड्यातून निघून जातो. भट्टी तापवायला कोळसा जाळतात त्याचा धूर निराळा, पण तो परवडला असं म्हणायची वेळ, कारण दगडातून निघणारा वायू त्याहून जास्त. कोळशाऐवजी दुसरं काही जाळता येईल, पण दगड भाजला की त्यातला वायू सुटणारच. पृथ्वी तापते म्हणून जी ओरड चालते, तिच्यात या भट्ट्यांचा मोठा वाटा आहे.

"मग दगडच कमी भाजा," मी म्हटलं.

"तेच करतो, मॅडम. गोळे दळताना त्यांत राख मिसळली की तेवढा दगड भाजावा लागत नाही. लोखंडाच्या भट्टीतली मळी, स्लॅग म्हणतात तीही मिसळतात. आता काही ठिकाणी भाजलेली चिकणमातीही. ती कमी आचेवर भाजते."

मागून आमच्यातला एक विक्रेता ओरडला, "ओ मॅडम, चला, जेवण लागलं. हवेचा हिशेब देवाकडं."

माल आत येतो आणि अर्धवट बाहेर पडतो, आणि त्याची कुठेच नोंद नाही, हे माझ्या डोक्यातून गेलं नाही. मी काही साध्वी नाही. सिमेंट विकूनच माझं घर चालतं आणि चालणार. लोकांनी घरं बांधू नयेत असं मी कधी म्हणणार नाही, टिनाखाली बसलेल्या आईकडे बघून तर नाहीच. पण जिथे राख चालते तिथे राख वापरावी, जेवढं लागतं तेवढंच सिमेंट घालावं, आणि एकदा घातलं की ते टिकवावं. फोडून पुन्हा करायचं म्हणजे तोच दगड दोनदा भाजायचा. एवढं साधं. वीज केंद्राबाहेर राखेचे डोंगर पडून असतात, वारा सुटला की ती राख आसपासच्या गावांच्या भाकरीवर बसते. ती भाकरीवर चालते, छतात चालत नाही.

तर स्लॅबचा दिवस. सिमेंट देऊळगाव राजाचं, 'प्युअर', म्हणजे राख न मिसळलेलं, त्रेपन्न ग्रेड. भावजयीचा भाऊ पांढरा शर्ट घालून स्वतः हजर. नारळ फुटला. मिक्सर धडधडायला लागला. मिस्त्री अमडापूरचाच, मुसलमान, या भागातली अर्धी घरं त्याच्या हातची. त्याने माप लावून दिलं होतं, पण भावजयीच्या भावाला राहवेना.

"मिस्त्री, हात आखडू नका. दर घाण्याला थोडं जास्तीचं टाका. आपल्या ताईचं घर आहे."

"जास्तीचं टाकून काय होते, भाऊ? पुरनात गूळ जास्त झाला तर पोळी फाटते."

"टाका हो. कमी पडलं तर मी बसलोय."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड दुसरीकडे केलं. मला बोलायचा अधिकार नव्हता, मी दिल्या घरची होते. मग सिमेंट जास्त, माल घट्ट झाला म्हणून पाणीही जास्त. जेवणाला जिलबी होती. मी खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊकीतला एक म्हातारा चुलता गेला. भाऊकीला सुतक लागलं, दहा दिवसांचं.

दुपारी मी दुखवट्याला गेले. फाट्यावर उतरून गल्लीत वळल्यावर पहिल्यांदा स्लॅब दिसला. पांढराफटक. वर पाण्याचा थेंब नाही. टाकलेल्या स्लॅबवर दुसऱ्या दिवसापासून पाणी उभं असायला हवं, हे आमच्या भागात शेंबडं पोरही जाणतं. त्याला तराई म्हणतात. पाणी मिळालं नाही तर सिमेंट पुरतं धरत नाही, वरून तडकतं, आत पोकळ राहतं. त्यात वैशाखाचं ऊन, आणि सिमेंट जास्त घातलेलं. सिमेंट जेवढं जास्त, तेवढा स्लॅब स्वतःच तापतो.

मिस्त्री ओट्यावर बसलेला होता. त्याला विचारलं, "तराई?"

"आपा, तराई मालकाची. आपलं काम स्लॅब टाकेपर्यंत. तरी मी सकाळी पाइप घेऊन चढून राह्यलो होतो, तर खाली उतरवलं मले. म्हने, सुतकात नव्या घराले हात लागत नाही. मालकाचाबी नाही, मालकाच्या मानसाचाबी नाही."

मी भावाकडे गेले. तो भाऊकीतल्या लोकांत डोकं खाली घालून बसला होता.

"स्लॅब वाळून राह्यला."

"ताई, इथं मानूस गेलं."

"मानूस गेलं, त्याचं दुःख हाय. स्लॅब काऊन मारून राह्यला मंग?"

"सुतकात बांधकाम नाही करत. आजवर नाही केलं कोनी."

"पानी मारनं बांधकाम नाही. पहिले स्लॅब बी नव्हते गावात. मातीच्या घराले कोन तराई करत होतं?"

भावजय आतून बाहेर आली. डोक्यावर पदर, आवाज मात्र नेहमीचा. "नणंदबाई, दहा दिवस थांबला तर काय पळून चाललाय स्लॅब? माझ्या भावानं चांगलं सिमेंट दिलंय. प्युअर आहे. त्याला काही होत नाही. राखेचं असतं तर गोष्ट वेगळी."

यात एक गोष्ट खरी होती, आणि खरी होती म्हणूनच मला जास्त राग आला. राखेचं सिमेंट सावकाश धरतं, त्याला पाणी जास्त दिवस लागतं. माझं असतं तर असं कोरडं ठेवल्यावर त्याने अधिकच मार खाल्ला असता. पण म्हणून त्रेपन्न ग्रेड उन्हात भाजून निघत नाही असं नाही.

मी शेडमध्ये आईकडे गेले. आई टिनाच्या सावलीत भिंतीला टेकून बसली होती. ओलं फडकं वाळून कडक झालं होतं. तिने फक्त विचारलं, "होईन ना व पावसाच्या आत?"

मी बाहेर आले आणि भाऊकीतल्या सगळ्यांत थोरल्या काकांसमोर जाऊन बसले.

"काका, एक इचारू? मले हे सुतक हाय का?"

काकांनी चष्मा वर केला. "तुले कसं असन? तू दिलेली लेक. तुहं सुतक तुह्या सासरचं."

"म्हनजे मी देवाले जाऊ शकतो, हळद लावू शकतो, सगळं करू शकतो?"

"करू शकते."

"मंग स्लॅबवर पानीबी मारू शकतो."

बसलेले लोक एकमेकांकडे पाहू लागले. काकांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. धर्म त्यांचाच होता, मी तो फक्त सरळ करून त्यांच्यापुढे धरला होता.

"खरं हाय," काका म्हणाले. "तिले कोनी अडवू नका."

भावजय अडवणारच होती. "चढा. पण आमच्या मोटरीला हात लावायचा नाही. मोटर घरची आहे, बोअरचं पाणी घरचं आहे. त्याला सुतक आहे."

"मोटरीले सुतक?" मिस्त्री ओट्यावरून म्हणाला. "मंग तिचंबी डोकं भादरा लागन भाभी, दहाव्याले."

लोक हसले. दुखवट्यात हसू नये, पण हसले. भावजय मिस्त्रीकडे अशी बघत राहिली की तो उठून गेला.

मी तिथेच बसून काय काय लागेल ते लिहून काढलं. नवऱ्याला फोन केला. संध्याकाळी टेम्पोवर पाण्याची टाकी, दुकानातला पाइप आणि चिखलीच्या धान्याच्या मोंढ्यातून आणलेला जुना बारदाना, रिकामी पोती, घेऊन तो आला. त्याने काही विचारलं नाही. यादी हातात असली की तो विचारत नाही, हा त्याचा मोठा गुण. कडेने मातीचे बांध घातले, पाणी सोडलं, वर बारदाना पसरून भिजवला. पहिलं पाणी पडलं तेव्हा स्लॅबमधून चर्र असा आवाज आला, तव्यावर पाणी मारावं तसा. एका बाजूला बारीक रेघा उठल्या होत्या. तो कोरडा गेलेला दिवस मला परत आणता येणार नव्हता.

त्यानंतर रोज. सकाळी टेम्पो, टाकी, पाइप. दुपारी पुन्हा. माझं दुकान त्या दिवसांत नीट उघडलं नाही. गल्लीतून जाणारे येणारे वर बघून विचारायचे, आणि भावजय खालून सांगायची, "नणंदबाईंना हौस आहे." मिस्त्री एकदा येऊन बघून गेला.

"आपा, गाद्या घातल्या काय याले? निजवून राह्यल्या?"

"ताप आला त्याले. ओल्या पट्ट्या ठेवून राह्यली."

"जास्तीचं खाल्लं, म्हनून ताप. म्या सांगतलं होतं."

मग एका सकाळी आले तर स्लॅब उघडा. बारदाना घड्या घालून भिंतीशी रचलेला, वाळलेला. भाऊ अंगणात उभा होता.

"कोनं काढला?"

"म्याच काढला ताई. लोक नावं ठेवून राह्यले. घरात सुतक अन् घरावर पोते. बरं नाही दिसत."

"अन् तडकलेला स्लॅब बरा दिसन?"

"मी काय करू? घरात ती हाय, बाहेर भाऊकी हाय."

"तू काईच करू नको. तेच तुले आजवर चांगलं जमलं."

हे मी चारचौघांत बोलले. त्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं नाही. मी बारदाना उचलला आणि वर चढले. खाली भावजय भावाला म्हणत होती, "ह्या गेल्या की पुन्हा काढा." ऐकू जावं म्हणूनच म्हणत होती.

मी पाणी मारून उतरले तेव्हा आई जिन्याच्या पायथ्याशी बसलेली होती. उन्हात. काठी आडवी मांडीवर. जिना अरुंद, ती बसल्यावर वर जायला वाट उरत नव्हती.

"आई, उठा इथून," भावजय म्हणाली. "सुतकात नव्या घराला शिवू नये."

"म्या कुठं शिवलं? मी भुईवर बसली."

"ऊन लागेल."

"टिनाखाली काय चांदनं हाय?"

ती बसूनच राहिली. मी टिनाचा एक तुटका पत्रा ओढून तिच्यावर सावलीला उभा केला. त्या दिवसापासून सुतक फिटेपर्यंत ती रोज माझा टेम्पो गेला की जिन्याशी जाऊन बसायची, आणि पुन्हा आला की काठी बाजूला करून मला वाट द्यायची. बारदाना पुन्हा कुणी काढला नाही. सासूला ओलांडून जाण्याइतकं धाडस भावजयीकडेही नव्हतं, आणि भावाकडे तर कोणतंच नव्हतं.

सुतक फिटलं. घर सारवलं, कपडे धुतले, गोमूत्र शिंपडलं. भावजय तांब्या घेऊन स्लॅबवरही चढली. जिथे जिथे मी पाणी मारलं होतं, तिथे तिथे तिने शिंपडलं, कानाकोपरा सोडला नाही. बरं झालं. तेही ओलंच.

पुढे तराई तिने स्वतः सुरू केली. आता मोटर शुद्ध होती.

सेंट्रिंग खोलायच्या दिवशी मी गेले. कुणी बोलावलं नव्हतं. मिस्त्रीने एकेक फळी काढली आणि हातोडीने खालून ठोकत ठोकत सगळा स्लॅब फिरला. आवाज खणखणीत येत होता. वरच्या रेघा तेवढ्या राहिल्या होत्या.

"केसाएवढ्या हायेत," तो म्हणाला. "वरून बुजवून देतो. आतून पक्का हाय. फोडा नाही लागत."

फोडावा लागत नाही. मला एवढंच ऐकायचं होतं. आई त्याच दिवशी खाट आत घ्यायला लागली. गिलावा नाही, फरशी नाही, दारं नाहीत, तरी. स्लॅबखाली पडून वर पाहत म्हणाली, "पंखा लावा लागन."

वास्तुशांतीला भावजयीचा भाऊ पुन्हा पांढरा शर्ट घालून आला. पाहुण्यांना वर बोट दाखवून सांगत होता, "प्युअर माल आहे. ऐन वैशाखात टाकला, वर सुतक पडलं, तरी खालून बघा, एक रेघ नाही." मला माहेरवाशिणीची साडी मिळाली, फिकट जांभळी, मी कधीच घालत नाही असा रंग. हे भावजयीला माहीत आहे.

पाऊस सरल्यावर भावाचा फोन आला. घराभोवती भिंत घालायची होती. देऊळगाव राजाहून गाडी परवडत नाही म्हणे.

"तुह्याकडचंच धाड ताई. राखेचं चालीन."

मागून भावजयीचा आवाज आला. "भिंत घराबाहेर असते. बाहेर चालतं."

मी विचारलं, "पानी कोन मारन?"

भावाने मागे वळून तोच प्रश्न घरात विचारला, तो मला ऐकू आला. मग लांबून आईचा आवाज आला, "सांग तिले, मी हाय."

गोण्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवल्या. सोबत नवा पाइप पाठवला, त्यांच्या मोटरीला बरोबर बसेल असा. मोटरीच्या तोंडाचं माप मी सुतकातच घेऊन ठेवलं होतं, हात न लावता.